संबंधाचं स्वरूप

मंगळवारी दहा वाजता प्रशिक्षण.
आम्ही नऊ जण, निम्मे पेंगुळलेले,
बिस्किटांची बशी, घरघरणारा प्रोजेक्टर,
बाहेर वेल्समधला तो बारीक पाऊस, ज्याला कुणी पाऊस म्हणत नाही.
मी चाळीस वर्षं खाटकाचं दुकान चालवलं.
मे महिन्यात निवडून आलो ते फुटपाथच्या खड्ड्यांवर.
नियोजन समितीत बसलो, कारण दुसरं कुणी बसेना.

कायदा बघणाऱ्या शान प्रॉबर्ट म्हणाल्या,
मत ठरवून येऊ नका.
कल असला तर असू द्या, दार लावून घेऊ नका.
मग फळ्यावर दोन रकाने आखले.
डावीकडे मोजायचं ते:
उजेड, सावली, रहदारी, पुराचं पाणी, वटवाघळं.
उजवीकडे सोडून द्यायचं ते:
घराची किंमत, अर्जदाराचा स्वभाव,
खिडकीतून दिसणारा डोंगर.

"डोंगर का नाही?" टेग्विननं विचारलं. तो जुना पोस्टमन.
"दृश्यावर कुणाचा हक्क नसतो."
त्यानं ते वहीत उतरवलं, खाली दोनदा रेघ ओढली.
त्याच्या खिडकीतून काय दिसतं
ते कुणी विचारलं नाही.

जेवणानंतर खोट्या गावाचा खोटा अर्ज:
आम्ही तो फेटाळला, पाच विरुद्ध चार.
"कारण?" बाईंनी विचारलं.
कुणीतरी म्हणालं, दिसायला बरं नाही.
"अपिलात हराल," त्या म्हणाल्या,
"आणि खर्च गावाच्या अंगावर."
शेवटी प्रमाणपत्र. माझ्या नावात एक एल कमी.

नोव्हेंबरात जागेची पाहणी.
मिनीबस, पिवळी जाकिटं, मोजपट्टी.
बोलायचं नाही, मान डोलवायची नाही,
कुणाकडून काही घ्यायचं नाही.
शेजारच्या कोठारावर एक मजला चढणार होता,
आणि अलीकडे एल्युनेडचं मागचं दार.
ती बाहेर आली, ट्रेमध्ये नऊ कप.
नऊ जणांचे हात खिशात.
वाफ आधी तिच्या चष्म्यावर गेली, मग कुठेच नाही.

तिच्या नवऱ्यानं मला
हाडापासून मांस सोडवायला शिकवलं, बोट न कापता.
सोळाव्या वर्षापासून मी त्या टेबलावर जेवलो.
खाल्ल्या मिठाला जागायचं कसं?
फॉर्म भरून.
विषय क्रमांक: चार.
संबंधाचं स्वरूप: आणि पुढे एवढासा चौकोन.
त्यात ते टेबल बसेना.
लिहिलं, "परिचय".
आणि उठून बाहेर गेलो, शिकवल्याप्रमाणे,
खुर्ची आत सरकवून.

कॉरिडॉरमध्ये कॉफीचं बंद यंत्र, आणि काचेचं दार.
तिला तीन मिनिटं. हिरवा दिवा लागला.
आवाज येत नव्हता, पण ओठ मला वाचता येतात,
यंत्राच्या आवाजात गिऱ्हाइकं ऐकलीत मी उभा जन्म.
ती डोंगराबद्दल बोलत होती.
सकाळी तो कुठल्या रंगाचा असतो.
इवान शेवटच्या आजारपणात कुठल्या बाजूला तोंड करून निजायचा.
पिवळा दिवा.
उजेड म्हण, एल्युनेड.
स्वयंपाकघरात दुपारी दिवा लावावा लागेल, एवढं म्हण.
डावीकडचा एक शब्द. कुठलाही.
माझा श्वास काचेवर उमटला, आणि मी तो बाहीनं पुसला,
कारण खुणा करणं हासुद्धा हस्तक्षेपच.
लाल.
ती अजून बोलत होती. अध्यक्षांनी हळूच हात वर केला.

नंतर कळलं: सहा विरुद्ध दोन, मंजूर, अटींसह.
टेग्विननं विरोध नोंदवला.
कारण विचारल्यावर वही उघडली, बराच वेळ पाहिली,
आणि म्हणाला, "सावली."

मला आत बोलावलं.
ती कोटाची बटणं लावत होती, वरचं खालच्या काजात.
विषय पाच: शाळेमागे सायकलींची शेड.
कुणाचा काही संबंध?
नाही, मी म्हणालो,
आणि नकाशा उलटा धरलाय हे
शेजारणीनं सांगेपर्यंत कळलं नाही.