हयातीचा दाखला

दर दोन वर्षांनी टॅटरसॉलबाई
माझ्या काउंटरवर येतात
आपण जिवंत आहोत हे दाखवायला.

पाकीट न्यूकॅसलचं. आत एक छापील कागद:
सदर व्यक्ती हयात असल्याचं
नात्यात नसलेल्या कुणीतरी लिहून द्यावं.
मी नात्यातली नाही. मी फोर्ट एरीच्या बँकेतली.

"नीट बघून घे हं," त्या म्हणतात,
"सही ठोकून मोकळी होऊ नकोस.
परवा मलाच शंका आली होती."

मी बघते.
कानात यंत्र. हातमोज्याची दोन बोटं
दुसऱ्याच रंगाच्या लोकरीनं विणून घेतलेली.
उजवा अंगठा अजून वाकडा,
रॉचडेलच्या बसमध्ये एकवीस वर्षं
तिकिटाच्या यंत्राची मूठ फिरवून.

सुटे पैसे कधी चुकले नाहीत त्यांचे.
म्हणून तर हा हिशेब त्यांना लागत नाही,
आणि दर खेपेला माझ्याच पेनानं
एखाद्या पावतीच्या पाठीवर त्या तो पुन्हा मांडतात:

एका डेपोत दोघी, त्या आणि म्युरिएल क्लेग.
पगाराचा वार एक, कपात सारखी,
कार्डावर चिकटवलेली तिकिटं सारखी.
साठी उलटल्यावर मुलांनी बोलावून घेतलं,
एकीला नदीच्या या काठाला,
एकीला त्या. बफेलोला.
मधे नायगरा. अर्धा मैलसुद्धा नाही.

म्युरिएलची पेन्शन दर एप्रिलला वाढते.
अमेरिकेशी करार आहे म्हणे.
कॅनडाशीही आहे, पण तसला नाही.
बाईंची दोन हजार एक साली होती तिथंच उभी,
बहात्तर पौंड पन्नास पेन्स.
पलीकडे एकशे एकोणसत्तर पन्नास.
"सत्त्याण्णव," बाई रेघ ओढतात, "आठवड्याला.
एवढं तिकीट मी कुणाचंच फाडलं नव्हतं."

एकदा भाचीच्या लग्नाला इंग्लंडला गेल्या,
तर तेवढ्या तीन आठवड्यांपुरती
पेन्शन आजच्या भावाची.
परतीचं विमान टोरांटोला उतरलं
आणि तीही उतरली.

गोठलेली पेन्शन म्हणतात हिला.
गोठणं म्हणजे काय, ते इथं कुणाला सांगायला नको.
डिसेंबरात सरोवराच्या तोंडाशी
पोलादी पिंपांची साखळी बांधतात,
बर्फ नदीत घुसू नये म्हणून.
एप्रिलच्या सुमारास सोडतात.
मग दिवसभर लाद्या वाहत जातात
दोन देशांच्या मधून, एकमेकींना घासत,
कुठल्या बाजूच्या ते न विचारता.
"बघ," बाई म्हणाल्या होत्या मागे एकदा, "बर्फसुद्धा सोडतात."

रात्री आठला म्युरिएल पलीकडून
स्वयंपाकघरातला दिवा दोनदा विझवायची.
इकडून बाई एकदाच.
"वीज लागते," म्हणायच्या, आणि
फोनवर तिलाच ऐकवायच्या हे, अर्धा तास.

यंदा बाई कागद घेऊन आल्या
तेव्हा पावती मागितली नाही. पेनही नाही.
"गुरुवारपासून दिवा नाही," म्हणाल्या.
मग, यंत्र कानात नीट बसवत,
"मुलानं कळवलंय न्यूकॅसलला.
एकशे एकोणसत्तर पन्नास. बंद."

मी तारीख घातली, सही केली, शिक्का मारला.
हयात आहे. मी स्वतः पाहिलं आहे.
तळाशी एक रकाना होता, 'अन्य काही शेरा'.
पेन तिथं थोडा वेळ थांबलं.
तो मी कोरा सोडला.

बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये घातला,
या महिन्याचे डॉलर मोजले, पुन्हा मोजले,
आणि वीसची एक नोट
माझ्याकडे परत सरकवली.

"सुटे दे," म्हणाल्या,
"पुलाच्या बसला लागतील."