डोळे असलेलं काही नको

बर्गनहून जहाज सुटलं त्या संध्याकाळी
टेबल एक्केचाळीसवर एकट्याच बाई.
ओदवेग स्क्राम्स्ताद. ऐंशीच्या पुढच्या.
मेनूकार्ड पालथं ठेवून म्हणाल्या,
"ज्याला डोळे होते असं काही नको."
मी वहीत लिहिलं: डोळे नको.
नोकरीत नवा, जीभ सैल, म्हणून विचारलं,
"बटाटा? त्यालाही डोळे असतात."
त्या हसल्या नाहीत. नीट विचार केला.
"उकडलेला चालेल. त्याचे मिटतात."

आमच्या भटारखान्यात शाकाहार म्हणजे वजाबाकी.
ताटातला मासा उचला, उरेल ते शाकाहारी.
पहिल्या रात्री गाजर.
दुसऱ्या रात्री गाजर, तिरकं कापलेलं.
तिसऱ्या रात्री तेच, वर एक हिरवं पान,
ज्याचं नाव फक्त मुख्य आचाऱ्याला ठाऊक
आणि तोही दर वेळी वेगळं सांगतो.
सूप अळिंब्यांचं, पण पाणी कोंबडीच्या हाडांचं.
पातेल्याशी मीच उभा असायचो.
तीन रात्री तोंड मिटून वाढलं.
हे इथंच सांगून टाकतो,
पुढं मी जरा बरा दिसणार आहे म्हणून.

माझा बाप गिमारास बेटावरचा, होडीवाला.
आमच्याकडे भाजी म्हणजे
जाळं रिकामं आलं तो दिवस.
शेवग्याचा पाला, पाणी, मीठ.
ते वाढताना आई
आमच्या डोळ्यांत बघायची नाही.
आणि इथं ही बाई पैसे मोजून
रिकामं जाळं मागत होती.

चौथ्या दिवशी लोफोतेन.
किनाऱ्यावर लाकडी मांडव, त्यावर कॉड वाळत घातलेले,
धडं एकीकडे, डोकी दुसरीकडे माळेत.
सगळे फोटो काढायला कठड्याशी धावले.
त्या खुर्चीत बसून म्हणाल्या,
"नऊ वर्षांची होते. जिभा कापायचं काम मुलांचं.
डोकं खिळ्यावर टोचायचं, सुरी, जीभ, पुढचं डोकं.
नगावर पैसे. मार्चपर्यंत लाल सायकल घेतली."
मी थांबलो. आता पश्चात्तापाचं काही येईल.
"सायकल चांगली होती," त्या म्हणाल्या.
"फक्त बघणं पुरे झालं.
ते सगळे माझ्याकडेच बघत असायचे ना."

त्या रात्री मी सूप नेलंच नाही.
संपलं म्हणालो.

खाली, पाण्याच्या पातळीखालच्या आमच्या खानावळीत,
बालीचा न्योमान डब्यातला फणस शिजवत होता,
नारळाच्या दुधात, मिरच्या मोडून.
म्हटलं, एका वाटीत आंबवलेला जवळा घालू नकोस.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी मीठच नको म्हणालो.
चाखून म्हणाला, "काहीतरी कमी आहे."
कमी तेच तर हवं होतं.

खालचं अन्न वर न्यायला बंदी.
पावाच्या टोपलीत, रुमालाखाली नेलं.
त्यांनी काट्यानं एक गरा उलगडला,
रेषा रेषा सुटताना पाहिल्या आणि हात आखडला.
"हा मासा आहे."
"फणस आहे. झाडावरचा."
"काटे?"
"होते. पण बाहेरून."
त्यांनी पुन्हा बघितलं, बराच वेळ,
जणू तो बघतो का हे बघत होत्या.
मग खाल्लं. नाकातून पाणी येईपर्यंत खाल्लं.
वाटी पावानं पुसली.
उशिरा, भांड्यांपाशी उभ्यानं, मीही उरलेलं खाल्लं.
जवळ्याशिवाय मला नाहीच आवडलं.

किर्केनेसला त्या उतरल्या.
हात हलवला नाही, बर्फावर पाय सांभाळत होत्या.
टेबलावर अभिप्रायाचं कार्ड:
सेवा, स्वच्छता, खिडकीतलं दृश्य, सगळीकडे मधली खूण.
आणि तळाशी, शिसपेन्सिलीनं,
शाळकरी ताठ अक्षरात:
सूप संपलं ते बरं झालं.