मचूळ

आधी चव घे, लतीफ होडेकर म्हणाला.
खारं लागलं तर खालून येतंय,
गोडं लागलं तर वरून.
मी तळातलं पाणी बोटावर घेतलं,
त्यावर मुशीच्या जुन्या तेलाचा तवंग,
कुठल्याशा खेकड्याची एक नांगी.
जिभेला लावलं. थुंकले.
"मचूळ आहे."
"म्हणजे दोन्हीकडून," तो म्हणाला
आणि कानामागची विडी काढली.

पूर्णगडच्या खाडीत भादव्याचं ऊन,
ओहोटीला 'नवलाई' एका कुशीवर कललेली.
बत्तीस वर्षांची. सागाच्या फळ्या, फणसाचे वाक,
शिडाला चार रंगांची ठिगळं.
जयवंतकाकांनी ती माझ्या नावावर केली,
का, ते कोणाला कळलं नाही, मला तर नाहीच.
मी पोस्टात असते. पोहता येतं, एवढंच.

वरचं लवकर सापडलं.
लतीफने आतून चुलीतली राख भुरभुरली,
मी डोलकाठीच्या बुंध्याशी कळशी ओतत राहिले.
राखेत एक काळी रेघ उठली,
चालली, थांबली, एका वाकाला वळसा घातला
आणि पार मागे, सुकाणूपाशी, टपकली.
"टपकतं तिथे शोधत बसलो असतो
तर दिवाळी इथेच झाली असती."

खालचं दिसेना.
चार दिवस तो फळ्यांवर बोटाच्या पेरांनी वाजवत फिरला,
मध्येच कान लावायचा,
मध्येच उगाच शिवी द्यायचा.
मग उलटं केलं:
ओहोटीत, कोरड्या वाळूवर टेकू देऊन,
होडीतच पाणी भरायचं
आणि बाहेर बसून बघायचं, कुठून पळतंय.
सदतीस घागरी. त्याची सून हलीमा आणि मी.
नंतर कोणी बोललं नाही.
पठाणाच्या वर, दुसऱ्या दर्जेत,
आधी नुसता काळपटपणा,
मग एक थेंब,
मग दुसरा, पहिल्याची वाट न बघता.
लतीफने खडूची फुली मारली.
अशा अकरा.

दर्जा उकरायला बसलो.
त्याच्या आकड्याला काय काय लागलं:
साबण. मेण. दगड झालेलं चुनातेल. सिमेंट.
"सिमेंट! लाकडाला!"
लतीफ मेलेल्या माणसावर ओरडला,
नाव, वडिलांचं नाव, आडनाव घेऊन.
लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही,
दोघांच्या भांडणात समुद्र आत येत राहिला.
सातव्या फुलीखाली कापड.
निळं, चौकडीचं, आकड्याला लोंबत
हातभर बाहेर आलं, आणि मी ओळखलं.
पाचवीतला माझा शाळेचा फ्रॉक.
हरवला म्हणून आईने मला फोकाने मारलं होतं.
काका तेव्हा पडवीत भाजलेला बांगडा सोलत होते,
मान वर न करता म्हणाले होते,
मारू नको, सापडेल.

सापडला.

कापसाची वात हलीमा मांडीवर वळते,
माझ्याहून घट्ट, माझ्याहून भरभर.
ठासणीवर हातोडी: सुरुवातीला आवाज बद्द,
दर्ज भरत आली की टण्ण.
वरून राळ, तेलात कढवलेली; तिचा वास
तीन दिवस माझ्या केसांत, पोस्टाच्या तिकिटांवर.
निळं कापड मी खिशात ठेवलं.
मग एक चिंधी फाडून सातव्या फुलीत घातली,
कापसाच्या मागे, लतीफ तोंड धुवायला गेला तेव्हा.
हलीमाने पाहिलं. काही बोलली नाही.

पाण्यात उतरवली. गळलीच.
"गळू दे. लाकूड पिईल, फुगेल, अंग धरेल."
पहिल्या रात्री चाळीस तांबे उपसले.
दुसऱ्या रात्री नऊ.
तिसऱ्या रात्री, कंदील धरून, अर्धा.
बोट बुडवलं. खारं.
मी त्याच्याकडे बघितलं.
"अर्धा तांब्या," लतीफ होडेकर म्हणाला,
"तो तर मी पण गळतो, या वयात,"
आणि काठावरून हळूच उतरून
केवड्याच्या बनामागे गेला.