डबल घंटी

आज सहावा दिवस.
डेपोच्या रजिस्टरात मी हजर,
पोटाच्या रजिस्टरात नुसत्या रेघोट्या.

चोपडा–यावल–भुसावळ, एकोणीस वर्षं.
पहाटे साडेचारची गाडी म्हणजे तीनला उठणं,
आणि तीनला शरीर म्हणायचं, अजून नाही.
सहाला भर रस्त्यात म्हणायचं, आत्ता.
एका स्टँडावरच्या संडासाला कडी नव्हती,
दुसऱ्याला होती, तर पाणी नव्हतं.
मग मीच त्याला म्हणायचे, थांब.
थांब थांब ऐकून ते शहाणं झालं.
आता विचारतच नाही.

खिडकीच्या दोन्ही बाजूंना केळी.
ट्रक भरभरून दिल्लीकडे चाललेली केळी,
आणि जो तो मला सांगतो: केळी खा, बाई.
खाल्ली. एका रात्रीत सहा.
ड्रायव्हर सुकलालआप्पा मोजत होते.
कोमट दुधातून एरंडेल. इसबगोल. त्रिफळा.
ती गोड चिकट बाटली, जिला मुंग्या लागल्या.
शेवटी नवऱ्याने वर्तमानपत्रात गुंडाळून
आणला एनिमा, आणि ओट्यावर ठेवून
दोन तास गावात फिरून आला.

भरताच्या पार्टीत, मळ्यात,
मी कांद्याची पात चघळत बसलेली.
पंगतीच्या त्या टोकावरून कोकिळाबाई:
'पोट साफ व्हयनं का व माय?'
सगळे हसले.
मीही हसले, तिकीट फाडावं तसं.

जळगावला तडवी मॅडमनी कुशीवर झोपवलं.
नळी, नळीच्या टोकाला फुगा, फुग्यात थोडं पाणी.
ढकला, म्हणाल्या. ढकललं.
पडद्यावरची रेघ खाली यायची, ती वर गेली.
'ताई, तुम्ही ढकलता
आणि त्याच वेळी दार आवळून धरता.'

एक घंटी थांब, दोन घंट्या चल.
मी एकाच दमात दोन्ही देत होते.
ड्रायव्हर बिचारा काय करणार?
तिथेच, तशीच, हसू फुटलं मला.
फुगा निसटला. मॅडम म्हणाल्या, हां, असं. असंच.

पाच खेपा झाल्या. औषध चालूच आहे.
नऊच्या ड्युटीसाठी अर्ज दिला.
कारण: प्रकृती.
साहेब म्हणाले, नेमकं लिहा.
मी त्यांच्याच पेनाने लिहिलं, बद्धकोष्ठ,
ष ला ठ नीट जोडून.
त्यांनी वाचलं, पंख्याकडे पाहिलं, सही केली.

तर आज सहावा दिवस.
पायांखाली पाट, गुडघे उंच,
हात मांडीवर मोकळे.
बाहेर नवऱ्याने रेडिओ मोठा केलाय,
कापसाचे भाव लागलेत.
जोर करायचा नाही. श्वास पोटात.
दहा मिनिटं झाली. काहीच नाही.
मग खोल कुठेतरी
कुणी खाकरल्यासारखं.
मी म्हणते, बोल.