नक्कल

हॅलिफॅक्सच्या नोंदणी कचेरीत माझी खिडकी तिसरी.
जन्म, लग्न, मरण, तिन्हींच्या नकला मिळतात इथे,
दर एकच.

माझे वडील संगमेश्वरला नक्कलनवीस होते.
फेरफार, वाटणीपत्रं, कुणाकुणाची भांडणं
दिवसभर उतरवून काढायचे वळणदार हातानं
आणि तळाला लिहायचे: अस्सलबरहुकूम नक्कल.
अक्षर त्यांचं, शब्द एकही त्यांचा नाही.
मी तेच करते. बोरूऐवजी प्रिंटर.

शेजारच्या खिडकीतल्या मॉरीनला सांगत होते एकदा,
आमच्यात या सगळ्याला एकच शब्द.
तू शिक्का मारतेस तो कागद, नक्कल.
साहेबाच्या पाठीमागे तू त्याची चाल चालतेस, तीही नक्कल.
आणि नाटकवाल्यांत
पाठ करायला हातात देतात ती पानं, ती नक्कल.
"आणि परीक्षेत पोरं करतात ती?"
ती कॉपी.
तो शब्द आम्ही तुमच्याकडूनच ढापलाय.
मॉरीन इतकी हसली की चहा सांडला
कुणाच्या तरी लग्नावर.

विद्याधर नकला करायचा.
खाटकाची, दातांच्या डॉक्टरची,
फोनवर "जेवलीस का" विचारणाऱ्या माझ्या आईची,
तिचा तो मध्येच घेतलेला श्वाससुद्धा.
पाहुणे उठायचे नाहीत, भात लावावा लागायचा पुन्हा.

पहिल्याच हिवाळ्यात, बसच्या मागच्या बाकावरची पोरं
त्याचं इंग्रजी बोलून दाखवत होती, माना डोलवत.
हा वळला.
त्यांनी केलेली स्वतःची नक्कल
त्यांनाच करून दाखवली, त्यांच्याहून सरस.
पोरं गप्प. ड्रायव्हर आरशात बघून हसला.
घरी आल्यावर मात्र बूट काढायला त्याला
फार वेळ लागला.
मी विचारलं नाही.

तो गेला त्याची नोंद मॉरीननंच केली.
"किती प्रती हव्यात, लव्ह?"
(इथे सगळे सगळ्यांना लव्ह म्हणतात,
भाजीवालाही. पहिल्या आठवड्यात मी लाजले होते.)
बँक, पेन्शन, विमा, गाडी, गॅस,
देवरुखची सामाईक जमीन,
आणि एक असू दे.
सात.
सातही खऱ्या, प्रत्येकीवर तसं छापलेलं.
धरून पाहिल्या उजेडासमोर,
जलचिन्ह सातांतही होतं.

परवा माळ्यावर त्याची नक्कल सापडली,
नाटकाची. ब्रॅडफर्डला, चर्चच्या हॉलात केलेलं,
कर्णिकांनी बसवलेलं, तीन अंकी, हसण्याचं.
मी त्यात त्याची बायको झाले होते,
ठरलेली बाई तापानं पडली म्हणून.
जुन्या पद्धतीची, हातानं उतरवलेली.
सगळी वाक्यं फक्त त्याची,
आणि प्रत्येकाच्या आधी, त्याला कळावं म्हणून,
माझ्या बोलण्याचं नुसतं शेपूट:

. . . . . . चहा ठेवू?
. . . . . . तुमचं आपलं काहीतरीच.
. . . . . . दार लावलंय.

त्याआधी मी काय काय बोलायचे
ते टिंबांत गेलं.
माझी नक्कल मी कुठे ठेवली, आठवत नाही.
बहुतेक त्या बाईला परत दिली.

स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं म्हटलं,
"दार लावलंय."
आणि थांबले, जेवढं थांबायचं असतं तेवढं.
जिन्यावर शाल्मली खाकरली. दोनदा,
दुसऱ्यांदा जरा लांबवून,
शेवटी तो बारीकसा हुंकार.
"काय झालं? अशी काय बघतेस?
घसा धरलाय माझा. तू कुणाशी बोलत होतीस?"

कुणाशी नाही, म्हटलं. पाठ करत होते.
तिच्यासाठी ओव्याचं पाणी ठेवलं.

कागदावर पुढचं वाक्य त्याचं आहे:
मग मी आत कसा आलो?