पावडी

हिप्परग्याच्या तलावात
काठापासून वल्ह्याचे चारशे फटके आत गेलो
की उजवा पाय माझा राहत नाही.
आधी मुंग्या. करंगळीपासून, रांगेनं, शिस्तीत.
मग त्याही निघून जातात
आणि उरतो माझ्या मांडीला जोडलेला
कुणाचा तरी पाय.

पहिल्या रविवारी उतरताना त्याच पायावर विसंबलो
आणि चिखलात गुडघ्यावर आलो.
म्हशी धूत होता एक पोरगा. म्हणाला,
काका, पाण्याला नमस्कार होय?

कयाक भाड्यानं देणाऱ्या इर्शादनं सीट सैल केली,
पाठ टेकू नका म्हणाला, गुडघे किंचित वर, बाहेर.
सगळं केलं.
मुंग्यांना काही कळवलं नसावं कुणी.

घरी मी बोललो नव्हतो,
पण पँटवरचा चिखल नायनांना दिसला.
एक्क्याऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं साखर पेठेत
खड्डामागावर : कंबर जमिनीला, पाय जमिनीखाली.
म्हणाले, कसा बसतोस, दाखव.
मी फरशीवर बसलो, पाय लांब, हातात केरसुणी.
बघत राहिले, तुटलेला धागा शोधावा तसे.
मागच्या खिशात काय?
पाकीट. विम्याच्या पावत्या. जुनी दोन बिलं.
काढ ते.
चादरीची घडी कर. तिथं नव्हे रे, मांडीखाली.
आणि पायाला काम कुठंय?
रिकामा पाय झोपणारच.
पावडी दाब. डावी, उजवी. नसली तरी दाब.

थोड्या वेळानं, आपणहून :
तुझी अम्मा एका वेळी चारच कांड्या भरून द्यायची.
संपल्या की उठून जावं लागे तिच्यापर्यंत.
मी चिडायचो. आळशी म्हणायचो.
वीस वर्षं म्हणालो.
पुढं काही बोलले नाहीत.

काल तलावात मी दाबत होतो,
डावी, उजवी,
जिथं इर्शादनं लाकडाची फळी ठोकून दिली तिथं.
लाटांचा ताणा, मधून माझा पिवळा धोटा.
मध्यावर मुंग्या आल्या, दोन-चार,
तेव्हा उथळ जागा बघून उतरलो,
गुडघाभर पाण्यात उभा राहिलो उगाच
कुणाकडे तरी कांडी मागायला आल्यासारखा.

घरी आलो तर नायना विचारतात,
पाय आला का परत?
आला म्हटलं.
पलंगावरून लोंबणारा त्यांचा पाय
तेव्हाही हवेत काहीतरी दाबत होता.