शुक्रवारपर्यंत

पणजीहून निरोप आला :
प्रेस किट पाठवा, शुक्रवारपर्यंत.
आई आगरातून वर आली होती, पाय धूत म्हणाली,
किट म्हणजे बॅट-पॅड ना, मुलांचं असतं ते?
म्हटलं, तसंच काहीसं.
चेंडू लागू नये म्हणून.

पन्नास शब्दांत मी.
दीडशे शब्दांत मी.
मग अडीचशे शब्दांत, सविस्तर.
पन्नासात जन्म आणि पदवी आटोपते.
दीडशेत आगरवाडा येतो, मिठाचे ढीग,
त्यांवर शाकारलेल्या झावळ्या.
बाबांच्या तळपायांच्या भेगा
अडीचशेतसुद्धा बसवून पाहिल्या
आणि काढल्या.
पैसे मागितल्यासारखं वाटलं.

स्वतःबद्दल लिहायचं ते परक्यासारखं :
'तिलोत्तमा आगरवाडेकर या पेडण्यातील…'
लिहिता लिहिता वाटलं, या बाई बऱ्या दिसतात.
यांचं वीजबिल थकलेलं नसणार.

फोटोसाठी म्हापशाला, इनासियोकडे.
'लग्नाचो काडूं काय पासपोर्टाचो?'
मधला काढ, म्हटलं.
त्याने छत्र्या मिटल्या, दिवे विझवले,
मागच्या दारी पिंपाजवळ उभं केलं मला.
फोटोत मी
काहीतरी विचारायला आलेली
आणि विसरलेली.
पैसे त्याने पासपोर्टचेच घेतले.

माध्यम : मिश्र.
म्हणजे मिठाचं जुनं पोतं, खाजणातला चिखल,
काजूच्या टरफलांचं तेल, जे अजून
डाव्या मनगटावर उमटलेलं आहे.
आकार :
अडलं ते इथे.
मीठ मुरलेलं पोतं हवा पितं.
मार्चमध्ये छत्तीस इंच भरतं,
जुलैत साडेचौतीस,
आणि खालच्या काठावर एक थेंब धरून बसतं
दिवसच्या दिवस.
गॅलरीतली मुलगी फोनवर म्हणाली,
मॅडम, एकच आकडा द्या ना.
मार्चचा दिला.
स्थळाला पाठवायचा फोटो निवडतात तसा.

संग्रह : खाजगी, गोवा.
एक चित्र दातांच्या डॉक्टरांकडे,
खुर्चीत मान मागे टाकून आ केला की दिसतं.
एक स्कूटरच्या इंजिनकामात गेलं.
एक मावशीने भिंतीवरून काढून कपाटामागे ठेवलंय,
पाणी सुटतं गं त्याला.

वृत्तपत्रीय दखल : एक.
अकरा वर्षांपूर्वीची, दोन इंच, पान सात.
ओळ संपली तिथे नाव तुटलं,
'तिलो' कुठेतरी गळून पडलं आणि छापून आलं,
उत्तमा आगरवाडेकर.
दुरुस्ती करणाऱ्याने मग काना चुकीचा समजून
पुढच्या ओळीत पुरता उत्तम केला :
'या तरुण चित्रकाराचा हात धीट आहे.
त्याने मीठ सुकवलेलं नाही, बोलतं केलं आहे.'
माझ्याबद्दल याहून चांगलं
कुणी काही लिहिलेलं नाही.
कात्रण आईने तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं,
स्कॅन केलं तर कोपऱ्यात एक टोका मेलेला दिसतो.
राहू दिला.
खाली टीप लिहिली : उत्तम म्हणजे मीच.
मग टीप खोडली.
मग पुन्हा लिहिली.

सगळं मिळून चाळीस एमबी झालं.
जाईना.
फोटो लहान केले, तेव्हा आधी पांढरा गेला,
मग चिखलातले तीन चिखल
एकच चिखल झाले.
गुरुवारी रात्री पावणेबाराला गेलं.

शेवटचा रकाना होता संपर्काचा.
नंबर दिला, आणि पुढे लिहिलं तेवढं मात्र
कुणाला दाखवून लिहिलं नाही :
घरात रेंज नाही.
भरती उतरताना मानशीचं दार उघडायला
मी बांधावर जाते, तेव्हा येते.
वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते.
कृपया त्या हिशेबाने फोन करावा.